मागचा आवाज

त्या शनिवारी आईनं गंधारला रडवलं नाही, म्हणून दिवस बरा चालला आहे असं मला वाटलं होतं.

क्लास नेहमीसारखा आमच्या अड्यारच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये चालला होता. खुर्च्या भिंतीला लावलेल्या, कीबोर्ड खिडकीपाशी आणि पंखा बंद. पंख्याला स्वतःचा सूर असतो आणि तो गाणाऱ्याच्या सुरात घाण करतो, असं आईचं म्हणणं. त्यामुळे चेन्नईच्या उकाड्यात सगळे जण घामानं निथळत गायचे. कुणी रुमाल काढला की ती म्हणायची, "घाम पुसू नकोस. तेवढंच काहीतरी खरं बाहेर येतंय तुझ्यातून."

आईचं नाव कनका. आम्ही तंजावरकडचे मराठी. घरात जुनी, तमिळ मिसळलेली मराठी बोलतो, जी पुण्याकडच्या माणसाला नाटकातली वाटते आणि शेजाऱ्यांना कन्नड. मी जे लिहिते ते मराठी पुस्तकांतून शिकलेलं आहे. आई तरुणपणी माउंट रोडवरच्या हॉटेलांतून बँडबरोबर इंग्रजी गाणी गायची. लोक जेवत असायचे आणि ती गायची. पुढे हॉटेलांनी बँड बंद केले, तेव्हा तिनं घरी शिकवायला सुरुवात केली. फोक, कंट्री आणि सोल, या तीन तऱ्हांची इंग्रजी गाणी. बाकीचं गाणं म्हणजे नुसते वरचे कपडे, असं ती म्हणे.

तिची शिकवायची रीत एकच होती. सगळ्यांना एकच वाक्य द्यायची, इंग्रजीतलं, अगदी साधं. त्याचा अर्थ, आज घरी कुणी जेवलं नाही. हे वाक्य तीन तऱ्हांनी गायचं.

"पहिली तऱ्हा फोक," ती सांगायची. "बातमी द्या. शेजारणीला देता तशी. आवाज हलवायचा नाही, नटवायचा नाही. चार-पाच सुरांच्या पलीकडे जायचं नाही, सगळ्या कडव्यांना तीच चाल. ज्यानं रचलं तो मेला, तुम्हीही मराल, गाणं राहील. तेव्हा मध्ये मध्ये करू नका.

"दुसरी कंट्री. आता सांगा, कोण जेवलं नाही, कुठल्या गावात, ताटात काय होतं. तीन कॉर्ड बास. आवाज थोडा नाकातून. आणि एका शब्दावर, छातीतून वर जाताना, तो फुटला पाहिजे. एकाच शब्दावर.

"तिसरी सोल. आता सांगायचं नाही, मागायचं. तालाच्या किंचित मागं राहायचं, सूर खाली वाकवायचा, एक अक्षर दहा सुरांवरून ओढत न्यायचं. खालून सुरू करायचं, नाहीतर ओरडायला जागा उरत नाही. हे चर्चमधून आलंय, एकट्यानं होत नाही. पुढच्यानं हाक मारली की मागून कुणीतरी उत्तर द्यायचं."

मागून उत्तर मी द्यायचे. शाळेत असल्यापासून. स्वयंपाकघराच्या दाराशी वेताचा स्टूल होता, तिथं बसून. विद्यार्थी हाक मारणार, मी म्हणणार, कुणी नाही, कुणी नाही. विद्यार्थी आले आणि गेले. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागले, लग्न करून दोन वर्षांत परत आले, केस पिकायला लागले, तरी स्टूल माझाच. पुढे उभी राहून मी कधी गायले नव्हते. कुणी म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्या शनिवारी विचारायचं ठरवलं होतं. दर वर्षी आई एक छोटा हॉल घेऊन विद्यार्थ्यांचा कार्यक्रम करायची. त्यात एक गाणं मला गायचं होतं. मागचं उत्तर नको, पुढची हाक. आई, यंदा एक गाणं मी गाऊ का. एवढंच. हे वाक्य मी बसमध्येही मनात म्हणून पाहिलं होतं.

क्लासमध्ये गंधार उभा राहिला. इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तो इंजिनियर, मूळचा नाशिकचा, आडव्या अंगाचा आणि हळवा. त्यानं कंट्री म्हटलं.

"पोदुम, बास," आईनं हात वर केला. "चार ठिकाणी फुटला तुझा आवाज. एका ठिकाणी फुटला तर गाणं, चार ठिकाणी फुटला तर प्लंबर बोलवायचा."

सगळे हसले, गंधारही हसला. मग ऋजुता उभी राहिली. पुण्याची, आयटीत काम करणारी, पंचविशीची. तिच्या गळ्यात खरोखर काहीतरी होतं. ते मी नाकारत नाही. तिनं सोलमध्ये हाक मारली, 'होम' हा शब्द असा वाकवला की वरच्या मजल्यावरचा मिक्सर थांबला. मी उत्तर दिलं.

"थांब," आई म्हणाली. "कीर्तना, तू उत्तर देतेस की हजेरी देतेस?"

पुन्हा हसू. ऋजुतानं मान खाली घातली, पण खांदे हलत होते.

"प्रेझेंट मॅडम, म्हणते ही. पुस्तकं वाचून वाचून आवाजसुद्धा वाळतो मनुष्याचा. सरी, ठीक, यंदा कार्यक्रमात गाईन मी, आणि मागं उत्तर द्यायला ऋजुता. ये कण्णा, हिकडे ये, स्टुलावर बस. कीर्तना, तू दाराशी उभी राहा त्या दिवशी. लोकांना खुर्च्या दाखव."

"बरं," मी म्हणाले आणि कॉफी करायला आत गेले.

संध्याकाळी आईनं दहीभात खाल्ला, लिंबाच्या लोणच्याची फोड चोखली, आणि कुणाचातरी व्हिडिओ बघत त्याच्या सुरांना नावं ठेवली. आप्पा, म्हणजे माझे वडील राघोत्तम, तिच्या पायांना तेल लावत होते. मी ताट उचलायला वाकले तेव्हा तिनं विचारलं, "राग आला का ग तुला?"

"नाही."

"येतच नाही तुला. तोच तर घोळ आहे," ती म्हणाली, आणि व्हिडिओचा आवाज वाढवला.

सकाळी ती आप्पांना दूध उतू जातंय म्हणून सांगत होती, आणि वाक्याच्या मध्येच थांबली. आप्पांना वाटलं, नेहमीसारखी चिडून थांबली आहे. दूध उतू गेलं तरी ती थांबलेलीच होती.

हॉस्पिटलनं तिला वाचवलं. उजवा हात, उजवा पाय आणि शब्द एवढं मात्र परत मिळालं नाही. तिला सगळं समजत होतं. नजर तशीच होती, माणसाला उभा चिरणारी. पण बोलायला गेली की नुसता घोगरा आवाज निघायचा, आणि त्या आवाजाची तिला इतकी शिसारी यायची की ती तोंड घट्ट मिटून घ्यायची.

घरी आणल्यावर विद्यालक्ष्मी यायला लागली. वाचा गेलेल्या माणसांवर उपचार करणारी, तमिळ, बडबडी, कपाळावर मोठं कुंकू. तिनं आम्हाला समजावलं की बोलणं मेंदूच्या एका बाजूला असतं आणि गाणं बरंचसं दुसऱ्या. बोलता न येणारी माणसं पुष्कळदा गाऊ शकतात. "तुम्ही नशीबवान," ती म्हणाली. "तुमच्याकडे तर गाणारीच आहे! रोजची वाक्यं चालीवर म्हणा. पाणी हवं का, दुखतंय का. तिचा डावा हात धरा, त्यावर ताल द्या. तुम्ही हाक मारा, ती उत्तर देईल. काहीही नवीन बोलली तर फोनवर रेकॉर्ड करून मला पाठवा."

मी हाक मारायची, ती उत्तर देणार. मी विद्यालक्ष्मीला दारापर्यंत सोडलं. ती निघून गेल्यावर मी आईच्या पलंगाशी बसले, तिचा डावा हात हातात घेतला, आणि सोप्यात सोप्या चालीवर म्हटलं, "आई, पाणी हवं का?"

आईनं हात सोडवून घेतला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. तहानलेली असली तरी तेच. आप्पांनी प्रयत्न केला, पण त्यांचा सूर दर शब्दाला गाव बदलायचा. आईच्या डोळ्यांत हसू आलं, उत्तर आलं नाही.

मग ऋजुता भेटायला आली. नारळपाणी घेऊन, डोळे सुजलेले. तिनं आईचा हात धरला आणि माझ्याकडे एकदा बघून गायलं, "मॅडम, पाणी हवं का?"

"पाणी," आई गायली. स्वच्छ, सुरात. "पाणी हवं."

आप्पा ओक्साबोक्शी रडायला लागले. ऋजुता रडायला लागली. मी ग्लास भरून आणला. आईनं तो ऋजुताच्या हातून घेतला.

ऋजुताला नोकरी होती, ती रोज येऊ शकत नव्हती. म्हणून तिनं फोनवर वाक्यं गाऊन पाठवली. पाणी हवं का. भात की इडली. दुखतंय का कुठे. पंखा लावू का. झोपायचंय का. आप्पा आईच्या उशाशी फोन धरायचे, फोन गायचा, आई फोनला उत्तर द्यायची. उत्तराप्रमाणे मी पाणी आणायचे, भात कालवायचे, कूस बदलायचे, चादर धुवायचे. एकदा फोनचं चार्जिंग संपलं. आईला बाथरूमला जायचं होतं हे मला तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मी गाऊन विचारलं. तिनं डोळे मिटून घेतले आणि पलंग ओला केला. मी चादर काढत असताना ती छताकडे बघत होती, निवांत.

"बाळ, मनाला लावून घेऊ नकोस," आप्पा म्हणाले. "आजारी माणूस आहे."

"आजारी नव्हती तेव्हा काय होती, आप्पा?"

"जरा कडक होती," ते म्हणाले, आणि फोन चार्जिंगला लावायला गेले.

मी सोडून द्यायला हवं होतं. शहाण्या माणसानं सोडलं असतं. पण मी असं ठरवलं की दोष माझ्या गाण्याचा असेल. मी तिचीच विद्यार्थिनी होते, स्टुलावरून का होईना. तिनं सांगितलेलं सगळं मला पाठ होतं. तेव्हा मी तिच्या तऱ्हेनं गायला लागले.

आधी फोक. भात भरवताना तिला दिवसाची बातमी दिली. तळमजल्यावरच्यांनी गाडी घेतली, मोटर बिघडली, टँकर आला. आवाज हलू दिला नाही, तोच सूर फिरवून फिरवून. तिनं भात खाल्ला आणि शेवटच्या घासाला माझं बोट चावलं. फार जोरात नाही.

मग कंट्री. तिच्या हॉटेलाची गोष्ट रचली. कुठल्या रस्त्यावर, साडीचा रंग कुठला, जेवणाऱ्यांनी प्लेटमध्ये काय टाकलं. साडीच्या रंगावर आवाज फोडायचा होता, तो खरोखरच फुटला. तिनं ऐकलं. पूर्ण ऐकलं. मग डाव्या हाताची चार बोटं वर केली. चार ठिकाणी फुटला. मला हसू आलं, आणि हसताना असं वाटलं की आता ती बोलेल.

त्या दुपारी विद्यालक्ष्मी आली होती. आप्पा फोन हातात घेऊन बसले होते. मी पंखा बंद केला, पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले, पुढे, जिथं आजवर कधी उभी राहिले नव्हते. आणि तिचंच वाक्य तिसऱ्या तऱ्हेनं गायले. आज घरी कुणी जेवलं नाही. खालून सुरू केलं. तालाच्या मागं राहिले. 'होम'मधलं अक्षर जेवढं ओढता येईल तेवढं ओढलं, वाकवलं. त्यात मी काय मागत होते ते मला माहीत होतं आणि तिलाही माहीत होतं. गाणं कसं झालं ते मला सांगता येणार नाही. विद्यालक्ष्मीनं टाळ्या वाजवल्या नाहीत, हात गालाला लावून बसली.

आई माझ्याकडे बघत होती. तिनं श्वास घेतला, पोटातून, शिकवायची तसा.

"तू गाऊ नको, कीर्तना," ती गायली. "तू गाऊ नको."

पहिली तऱ्हा. चार सूर, आवाज न हलवता, न फुटता, न मागता. बातमी.

विद्यालक्ष्मीला मराठी येत नव्हती. "हे काय म्हणाली? हे आपण शिकवलेलं नाही! स्वतःचं वाक्य! तुमचं नावसुद्धा, सगळं जोडून!" ती उठून उभी राहिली. "अम्मा, सुपर! सर, रेकॉर्ड झालं ना? ही फार मोठी प्रगती आहे. कीर्तना, बघा, तुमच्यामुळे झालं."

आप्पांना अर्थ कळला होता. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. मग म्हणाले, "झालं रेकॉर्ड." त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता. त्यांच्या बायकोनं एक अख्खं वाक्य उच्चारलं होतं. मी त्यांना दोष देत नाही. किंवा देते.

त्यानंतर आईनं नवं वाक्य बोलायच्या आत तिला दुसरा झटका आला. त्यातून ती उठली नाही.

तेराव्यानंतरच्या रविवारी विद्यार्थी घरी जमले. हॉलमधल्या खुर्च्या भिंतीला लावल्या होत्या, खिडकीपाशी कीबोर्डवर आईचा फोटो, त्याला मोगऱ्याचा हार. जागा कमी होती, काही जण जमिनीवर बसले. कुणीतरी पंखा लावायला उठलं आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेऊन परत बसलं. बहुतेक मुलं तमिळ, दोन-चार मल्याळी, आणि मराठीत गंधार नि ऋजुता. एकेकानं आईची आठवण सांगितली. सगळ्या आठवणी आईनं केलेल्या अपमानाच्या होत्या, आणि सगळे जण त्या मेडलसारख्या छातीवर लावून आले होते.

"मला म्हणाल्या, तुझा आवाज म्हणजे अंगात आलेलं शिवणयंत्र."

"मला म्हणाल्या, हे भजन नाही, देव येणार नाही, मुकाट्यानं रड."

"प्लंबर," गंधार म्हणाला, आणि सगळे हसले, आणि तो रडायला लागला.

मग ऋजुता उठली. "आप्पांनी मला एक गोष्ट पाठवलीय," ती म्हणाली, आधी मराठीत, मग इंग्रजीत. "मॅडमचं शेवटचं गाणं. शेवटचं वाक्य. ऐका फक्त."

मी आप्पांकडे पाहिलं. ते हारातलं एक फूल सरळ करत होते.

फोन स्पीकरला जोडलेला होता. तू गाऊ नको, कीर्तना, तू गाऊ नको. खोलीभर तो आवाज आला, स्वच्छ. मुलांच्या अंगावर काटा आला. मला दिसला.

"अर्थ काय?" कुणीतरी तमिळमध्ये विचारलं.

"डोन्ट यू सिंग," ऋजुता म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "किती टिपिकल मॅडम! आपल्या सगळ्यांना म्हणायच्या ना? शेवटपर्यंत त्याच."

"सेम टू सेम," मागून कुणी म्हणालं. सगळे प्रेमानं हसले.

"मी याचं गाणं बसवलंय," ऋजुता म्हणाली. "मॅडमची आवडती तिसरी तऱ्हा. हाक मॅडमची. नाव कापलंय मी, म्हणजे ते सगळ्यांना लागू होईल. तू गाऊ नको." तिनं फोनवर काहीतरी दाबलं. आईचा आवाज परत परत यायला लागला, नाव काढलेला. तू गाऊ नको. तू गाऊ नको. मुलं दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर टाळ्या वाजवायला लागली, आईनं शिकवल्यासारख्या, किंचित मागं. मग तमिळ मुलांनी शब्द उचलले. त्यांना मराठी येत नव्हती, पण कान पक्के होते. तू गाऊ नको. कुणी वरचा सूर धरला, कुणी खालचा. ऋजुतानं 'गाऊ' वाकवून वाकवून इतका ओढला की सुंदर झालं. खरंच सुंदर झालं.

"ताई," ऋजुता वाकून माझ्या कानाशी म्हणाली. तिनं आतून वेताचा स्टूल आणवला होता. "बसा ना. मागचं उत्तर तुमचंच आहे. आम्ही म्हणणार, तू गाऊ नको, की तुम्ही म्हणा, नाही गाणार, नाही गाणार. मॅडमना किती बरं वाटेल."

"ऋजुता, बंद कर ते," गंधार म्हणाला. त्याच्या ओळीतला तो एकटाच गात नव्हता. "प्लीज, बंद कर. ते ताईंना म्हटलंय."

"सगळ्यांनाच म्हणायच्या रे," ऋजुता म्हणाली.

टाळ्या चालू होत्या. तू गाऊ नको, आणि मग रिकामी जागा, माझ्या उत्तरासाठी सोडलेली, मोजून. पुन्हा तू गाऊ नको, पुन्हा जागा. सगळे माझ्याकडे बघत होते, भुवया वर करून, उत्तेजन देत. मी बसले नाही.

"म्हण की बाळ," आप्पा म्हणाले. "तिच्यासाठी."

मी फोनपाशी गेले आणि स्पीकरची वायर काढली. टाळ्या थोडा वेळ चालू राहिल्या, मग एकेक करून थांबल्या. कुणीतरी सॉरी म्हणालं. आप्पा उठले, "कीर्तना, आज नको, लोक आहेत," म्हणाले, आणि माझा दंड धरला. मी त्यांचा हात काढला आणि फोटोकडे वळले. मी गायले नाही. बोलले, आमच्या घरच्या भाषेत, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"आई, तू वाईट वागलीस माझ्याशी. बहुत वाईट वागलीस. मला राग येत होता, रोज येत होता. आणि तरी मला तुझ्यापुढं उभं राहून गायचं होतं."